वाचकांचे प्रश्न : मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे हे नक्की कसं ठरतं?

लहान मुलांच्या अंड्याच्या ॲलर्जीबद्दलच्या पत्रांना बहुतेक वेळा रक्ततपासणीचा रिपोर्ट जोडलेला असतो. मूल काय खाल्ल्यावर, किती मिनिटांनी आणि कसं आजारी पडलं, हे मात्र एका ओळीत आटोपलेलं असतं. निदानासाठी या दोन्हींत जास्त मोल त्या एका ओळीला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. तिला पहिल्यांदाच अंडं दिलं, फेटून शिजवलेलं, साधारण दोन चमचे. दहा-पंधरा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, मग गाल, मान आणि पोटावर गांधी उठल्या. ती सारखी कान चोळत होती. दीड तासात सगळं मावळलं. आयुष्यात पहिल्यांदा खाल्लेल्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते का? डॉक्टरांना काय काय सांगायचं?

असू शकते, आणि तुम्ही केलेलं वर्णन तिच्याशी चांगलं जुळतं. ॲलर्जी व्हायला शरीराची त्या प्रथिनाशी आधी ओळख झालेली असावी लागते हे खरं, पण ती ओळख पोटातूनच होते असं नाही. घरातल्या धुळीत, मोठ्यांच्या हातांवर अंड्याचे सूक्ष्म अंश असतात. बाळाला इसब असेल तर खरखरीत, चिरलेल्या त्वचेतून ते आत शिरतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. त्यानंतर अंडं पहिल्यांदा पोटात गेलं तरी प्रतिक्रिया येते. इसब जितकं लवकर सुरू झालेलं आणि जितकं तीव्र, तितकी ही शक्यता जास्त.

डॉक्टरांकडे जाण्याआधी बसून हे सगळं लिहून काढा. अंडं कोणत्या रूपात होतं : उकडलेलं, अर्धवट शिजलेलं, केकमध्ये की मेयोनीजमध्ये? बाळाच्या पोटात खरंच किती गेलं आणि किती गालाला लागलं? पहिलं लक्षण किती मिनिटांनी दिसलं, कोणतं, आणि त्यामागून काय आलं? सगळं कधी मावळलं, औषध दिलं होतं का? त्या दिवशी सर्दी-ताप होता का? त्याच जेवणात आणखी काही नवीन होतं का? आणि शेवटचा प्रश्न, जो हमखास राहून जातो : त्याआधी किंवा त्यानंतर बिस्किट, केक अशा कुठल्याही रूपात अंडं खाऊन तिला काहीच झालं नाही, असं कधी घडलंय का? फोटो काढला असेल तर तो नक्की दाखवा. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो अंगावर काहीच उरलेलं नसतं.

वेळेचा हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा. आयजीईमुळे होणारी प्रतिक्रिया बहुधा अर्ध्या तासात येते, फार तर दोन तासांत. सकाळी अंडं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरळ आलं, तर या प्रकारात ते बसत नाही.

गांधी कशा असतात तेही बघा. त्या फुगीर, खाजऱ्या असतात, जागा बदलतात, आणि प्रत्येक गांध २४ तासांच्या आत डाग न ठेवता जाते. लाली फक्त जिथे अन्न लागलं तिथेच, ओठांभोवती आणि हनुवटीवर असेल, तर ती लाळेने आणि अन्नाने त्वचा चुरचुरल्यामुळेही असू शकते. तुमच्या मुलीच्या पोटावर अंडं लागलं नव्हतं, तरी तिथे गांधी आल्या. हा फरक मोठा आहे. उलट, गांधी चार-पाच दिवस येत-जात राहिल्या तर आधी विषाणूसंसर्गाचा विचार करावा. लहान मुलांत गांधी येण्याचं ते फार सामान्य कारण आहे, आणि त्या दिवशी योगायोगाने खाल्लेल्या अंड्यावर नाहक आळ येतो.

बोलीत आपण याला ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो, आणि मग काही घरांत बाळाला ॲसिडिटीचं औषध दिलं जातं. याचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. त्वचेतल्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं, त्याने त्या गांधी येतात.

तपासणी होईपर्यंत घरी पुन्हा ‘थोडंसं देऊन बघू’ हा प्रयोग करू नका. चुकून पोटात गेलंच आणि वारंवार उलट्या, सततचा खोकला, छातीत घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, बाळ पांढरंफटक किंवा एकदम मलूल होणं यांपैकी काही दिसलं, तर ती आणीबाणी आहे. तिच्यावरचं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत : वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. खाज थांबवणाऱ्या सिरपने श्वास आणि रक्तदाब सावरत नाहीत. ते देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या मुलाला इसब आहे. एका प्रयोगशाळेत चाळीस पदार्थांची रक्ततपासणी केली. त्यात अंड्याचा पांढरा भाग १.२, शिवाय दूध, गहू, शेंगदाणा असं बरंच काही ‘पॉझिटिव्ह’ आलं. तो आठवड्यातून तीन वेळा अंडं खात होता, कधी काही झालं नाही. तरी आम्ही सगळं बंद केलंय. बरोबर केलं का?

अंडं बंद करायला नको होतं. बाकीच्या ज्या पदार्थांनी त्याला कधी त्रास झाला नाही, तेही नाही.

रक्तात आयजीई सापडणं म्हणजे शरीराने त्या प्रथिनाची नोंद घेतली आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होणं म्हणजे ॲलर्जी. इसब असलेल्या मुलांच्या रक्तात अशा नोंदी ढिगाने सापडतात आणि त्यांतल्या अनेक पदार्थांना ती मुलं मजेत पचवतात. म्हणून हकिकतीत ज्याच्यावर संशय आहे त्याचीच तपासणी करायची, चाळीस पदार्थांची यादी करायची नाही. जो पदार्थ मूल नियमित आणि बिनत्रास खातंय त्याची ॲलर्जी नाही, हे त्याच्या ताटानेच सिद्ध केलेलं असतं.

आता आकड्याबद्दल. अनेक प्रयोगशाळा लिटरमागे ०.३५ किलोयुनिटच्या वर काहीही आलं की ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. पण खाल्ल्यावर प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण ९५ टक्क्यांवर जाते, ती अंड्याच्या पांढऱ्याचा आकडा मोठ्या मुलांत ७ च्या आसपास आणि दोन वर्षांखालच्या मुलांत २ च्या आसपास पोहोचल्यावर. हे आकडेही संशयास्पद हकिकत असलेल्या मुलांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. जो मुलगा अंडं खाऊन खेळायला पळतो, त्याला ते लागू करता येत नाहीत. शिवाय आकडा सांगतो ती ॲलर्जी असण्याची शक्यता. प्रतिक्रिया किती जोराची येईल हे त्यावरून कळत नाही : २ आकड्याच्या मुलाला जोरदार त्रास होऊ शकतो आणि २० वाल्याला चार गांधी. एकूण आयजीईचा आकडाही रिपोर्टवर ठळक छापलेला असतो. अंड्याच्या निदानात त्याचा उपयोग नाही.

बंद केल्याने नुकसान काय, असं तुम्हाला वाटेल. इसब असलेल्या मुलाने खात असलेला पदार्थ काही महिने पूर्ण तोडला, तर त्याची सहनशीलता हरवू शकते आणि पुन्हा दिल्यावर खरीखुरी, तातडीची प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून बंद करून किती दिवस झाले हे आज मोजा. दोन-चार दिवसच झाले असतील तर डॉक्टरांशी बोलून लगेच पूर्ववत करता येईल. काही आठवडे किंवा महिने उलटले असतील तर पहिला घास घरी देऊ नका, तो त्यांच्या देखरेखीखाली द्यावा लागेल. दूध आणि गहू एकदम तोडल्याने वाढीवर परिणाम होतो, तेव्हा वजनाची नोंदही सोबत न्या.

इसब वाढण्यामागे अंडं आहे अशी दाट शंका असेल, तर तपासायची रीत वेगळी. आधी त्वचेचे उपचार नीट, रोजच्या रोज करायचे. तरीही इसब आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून फक्त अंडं दोन ते चार आठवडे थांबवायचं आणि मग ठरवून, देखरेखीखाली पुन्हा द्यायचं. हा दुसरा अर्धा भाग झाल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. इसब आपोआपही कमी-जास्त होतं, त्यामुळे नुसतं थांबवल्यावर बरं वाटलं हा पुरावा नाही.

प्रश्न : आयजीजी तपासणीत अंडं ‘लाल’ गटात आलं. काय करावं?

काही नाही. आयजीजी हे आयजीईहून वेगळं प्रतिपिंड, शरीराने तो पदार्थ खाल्ल्याची खूण. रोज खाणाऱ्यांत ती जास्तच सापडते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. केसांची तपासणी, हाताच्या स्नायूचा जोर बघणं, विजेची यंत्रं लावणं, यांनाही तोच न्याय.

प्रश्न : त्वचेवरची तपासणी चांगली की रक्ताची? माझा मुलगा एक वर्षाचा आहे, त्याला ती झेपेल का?

दोन्ही तपासण्या एकच गोष्ट शोधतात, आणि तान्ह्या बाळांतही करता येतात. त्वचेच्या तपासणीत हातावर किंवा पाठीवर अर्काचा थेंब ठेवून त्यातून बारीक टोक टेकवतात. रक्त येत नाही. शेजारी दोन थेंब तुलनेसाठी असतात : एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा. १५ ते २० मिनिटांनी फोड मोजतात. मिठाच्या पाण्याच्या फोडापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला तर तपासणी पॉझिटिव्ह. पण त्रास होण्याची जवळजवळ खात्री देणारा फोड याहून मोठा असतो : दोन वर्षांखाली ५ मिलिमीटर, त्यावरच्या मुलांत ७. आजूबाजूची लाली यात धरत नाहीत, फक्त फुगलेला भाग.

ही तपासणी फसते ती बहुतेकदा औषधामुळे. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला रोखणारं औषध, असतं आणि ते पोटात असेल तर फोड उठतच नाही. हिस्टामिनच्या थेंबालाही फोड आला नाही, तर त्या दिवसाचा निकाल रद्द समजावा. सिट्रिझिनसारखी औषधं साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागतात, पण किती दिवस हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. दम्याची फवारणी मात्र या तपासणीसाठी थांबवायची नसते. जिथे सुई टोचायची तिथली त्वचा इसबाने भरलेली असेल, किंवा औषध थांबवणं शक्यच नसेल, तर रक्ततपासणी सोयीची. तिच्यावर औषधांचा परिणाम होत नाही.

हकिकत बोलकी असून अर्काची तपासणी निगेटिव्ह आली, तर काही तज्ज्ञ सुई आधी कच्च्या पांढऱ्यात आणि मग त्वचेवर टेकवतात. ताज्या अंड्याने उत्तर जास्त स्पष्ट मिळतं.

प्रश्न : माझा दहा महिन्यांचा मुलगा अंडं खाल्ल्यावर दोन-अडीच तासांनी उलट्या करतो, पाच-सहा वेळा, आणि मग पांढरा पडून झोपाळू होतो. अंगावर काही उठत नाही. तीन वेळा हे झालं. दोनदा ‘पोटाचा संसर्ग’ म्हणून सलाइन लावलं. ॲलर्जीच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत.

तपासण्या निगेटिव्ह आहेत म्हणून अंडं निर्दोष समजू नका. तुमचं वर्णन एका वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतं, त्याला थोडक्यात एफपाइज म्हणतात : अन्नातल्या प्रथिनामुळे आतड्याला होणारा दाह. यात आयजीईचा सहभाग नसतो, त्यामुळे सुईची आणि रक्ताची तपासणी सहसा निगेटिव्हच येते. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी उलट्यांचा सपाटा, पांढरेपणा, मलूलपणा, कधी पाच ते दहा तासांनी जुलाब. गांधी नाहीत, घरघर नाही. काही तासांत मूल पुन्हा हसत-खेळत असतं.

संसर्गाशी याची गल्लत सर्रास होते. ताप नाही, घरात दुसरं कोणी आजारी नाही, आणि तोच पदार्थ दिला की तेच घडतं : ही तिहेरी खूण लक्षात ठेवा. तिन्ही वेळचे तास-मिनिटं लिहून तज्ज्ञांना दाखवा. इतक्या स्पष्ट हकिकतीवर बहुधा आणखी काही न करता निदान होतं. तोवर अंडं पूर्ण बंद. चुकून पोटात गेलं आणि मूल गळून गेलं तर थेट रुग्णालय गाठा : यात मुख्य उपचार शिरेतून दिलेलं सलाइन आणि उलटीवरचं औषध. कागदावर ‘अंड्याचा एफपाइज’ असं लिहून घ्या आणि तो जवळ बाळगा. आणीबाणी कक्षातल्या डॉक्टरांना पुन्हा संसर्ग वाटू नये म्हणून तो लागतो.

प्रश्न : मुलगी केक आणि बिस्किटं खाते, काही होत नाही. ऑम्लेट खाल्लं की मात्र गांधी. मग ॲलर्जी आहे की नाही?

आहे, पण तिच्यातल्या त्यात बऱ्या प्रकारची. अंड्याच्या पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन ओव्हाल्ब्युमिन असतं. भरपूर उष्णतेने त्याची घडी मोडते आणि प्रतिपिंडांना ते ओळखू येत नाही. दुसरं प्रथिन ओव्हम्युकॉइड, साधारण दहावा हिस्सा. ते गंधकाच्या बंधांनी असं घट्ट बांधलेलं असतं की उकळूनही फारसं बदलत नाही. तुमच्या मुलीचा आक्षेप बहुधा पहिल्यावर आहे. केकमध्ये आणखी एक मदत होते : गव्हाच्या पिठाच्या जाळ्यात अडकलेलं अंड्याचं प्रथिन शरीराला सहज भेटत नाही. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी बहुसंख्य, साधारण दहातली सात, असं भाजलेलं अंडं सोसतात. काही ठिकाणी रक्तात ओव्हम्युकॉइडविरुद्धचं आयजीई वेगळं मोजतात. ते कमी असणं शुभ लक्षण.

जे ती बिनत्रास खाते ते चालू ठेवा, तोडू नका. पण भाजलेलं म्हणजे काय, यात चुका होतात. चाचणीसाठी वापरला जाणारा नेहमीचा मफिन असा असतो : एकाला एक तृतीयांश अंडं, म्हणजे सुमारे २ ग्रॅम प्रथिन, आणि १८० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं भट्टीत. तव्यावरचा पॅनकेक या व्याख्येत बसत नाही. तो पातळ असतो आणि दोन मिनिटांत उतरतो. कस्टर्ड, मेरिंग, मेयोनीज, मध्यभागी ओला राहिलेला केक, पावावर वरून लावलेलं अंडं, ही सगळी कमी शिजलेल्या अंड्यात धरा. ‘केक चालतो’ म्हणून वरचं कच्च्या पांढऱ्याचं आयसिंग दिलं आणि प्रतिक्रिया आली, असं घडतं.

आणि उलटं : ज्या मुलाने केक कधी खाल्लेला नाही, त्याला ‘दहातली सात’ ऐकून घरी केक देऊन बघू नका. आधी जोरदार प्रतिक्रिया आलेली असेल किंवा दमा असेल तर हा पहिला तुकडा रुग्णालयातच.

प्रश्न : मुलाचा आकडा १.८ आहे, हकिकत धूसर. डॉक्टर म्हणतात रुग्णालयात अंडं खाऊ घालून बघू. मुद्दाम त्रास ओढवून घ्यायचा, हे पटत नाही.

भीती समजते. पण धूसर हकिकत आणि मधला आकडा असताना दुसरी कुठलीही तपासणी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं ठाम सांगू शकत नाही. ही एकच सांगते. नाहीतर अंदाजावर मुलाची वर्षानुवर्षं अंड्यावाचून जातात.

मात्रा मुंगीच्या पावलांनी वाढतात. एक प्रचलित पद्धत अशी : ३, १०, ३०, १००, ३००, १००० आणि ३००० मिलिग्रॅम प्रथिन, दर २० ते ३० मिनिटांनी. सगळं मिळून साधारण पाऊण अंडं होतं, कारण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असतं. प्रत्येक मात्रेआधी त्वचा, श्वास, नाडी बघतात. गांधी, उलटी, खोकला असं काही दिसलं की तिथेच थांबून उपचार करतात. ॲड्रेनालिन वजनाप्रमाणे आधीच मोजून ठेवलेलं असतं. शेवटच्या मात्रेनंतर निदान दोन तास थांबवून ठेवतात. (एफपाइजसाठी वेळापत्रक वेगळं असतं आणि चार तास तरी थांबावं लागतं.)

निकाल बिघडतो तो बहुधा साध्या कारणांनी. मूल त्या दिवशी सर्दी-तापाने आजारी असतं, दम्याने खोकत असतं, किंवा आदल्या रात्री कोणीतरी अँटीहिस्टामिन दिलेलं असतं. या तिन्हींत तारीख पुढे ढकला. सगळ्यांत मोठी अडचण मात्र ही की मूल खातच नाही. दीड वर्षाच्या मुलाने कधी न चाखलेलं उकडलेलं अंडं अनोळखी खोलीत संपवावं ही अपेक्षाच अवघड. त्याला आवडणारा, बिनधोक असा मऊ पदार्थ घरून न्या आणि अंडं त्यात कुस्करा. आदल्या दिवशी भरपेट, त्या सकाळी अगदी हलकं खाणं. अर्ध्यावर सोडलेली चाचणी म्हणजे ‘ॲलर्जी नाही’ असं नव्हे. किती मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलो ते लिहून घ्या.

चाचणी पार पडली तर त्याच आठवड्यापासून घरी अंडं सुरू करा आणि नियमित ठेवा. भीतीपोटी पुन्हा बंद करणारी घरं कमी नाहीत, आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : अंड्याची ॲलर्जी असताना लसी द्यायच्या का?

गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्या. ती कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवतात, पण तिच्यात अंड्याचं प्रथिन नगण्य असतं. इन्फ्लुएंझाची लसही द्यावी. पीतज्वराच्या लसीत मात्र अंड्याचं प्रथिन उरतं, तिच्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला घ्या. कुत्रा चावल्यानंतरची रेबीजची लस कुठल्याही कारणाने अडवू नये. ॲलर्जी असल्याचं सांगा आणि रुग्णालयात ती घ्या.

प्रश्न : फक्त बलक दिला तर? किंवा बदकाचं, लावेचं अंडं?

नको. घरी पांढरं कितीही काळजीने वेगळं केलं तरी बलकाला ते चिकटलेलं राहतं. दुसऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांतली प्रथिनंही बरीच सारखी असतात. कोंबडीचं मांस मात्र बहुतेक मुलांना चालतं.

प्रश्न : निदान झालं. आता पुन्हा तपासणी कधी?

लहान वयात साधारण वर्षाने. जवळजवळ निम्म्या मुलांची ही ॲलर्जी सहा वर्षांपर्यंत जाते, काहींची त्यानंतरही. आकडा उतरत असेल, फोड लहान होत असेल, तर खाऊ घालून बघण्याच्या चाचणीची वेळ जवळ आली असं समजा. मधल्या काळात चुकून काही पोटात गेलं, तर त्रास झाला असो वा नसो, तारीख, पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि वेळ वहीत लिहा. ‘मावशीकडे अर्धा पॅनकेक खाल्ला, काही झालं नाही’ ही ओळ पुढच्या भेटीत रक्ताच्या आकड्याइतकीच कामाची ठरते.